प्लाझ्मा, उत्प्रेरक आणि ‘वायुशुद्धी निधी’

सोबतच्या ताळेबंदात यंदा ‘वायुशुद्धी निधी’ असे एक नवे शीर्ष आपल्या दृष्टीस पडेल. त्याच्या जमेच्या बाजूस एका कुटुंबाची देणगी आहे. खर्चाच्या बाजूस खिडक्यांची दुरुस्ती, पंखे आणि निर्जंतुकीकरण विभागातील एक यंत्र, अशा एकमेकींशी फारसा संबंध नसाव्यात असे वाटणाऱ्या तीन बाबी आहेत. ही देणगी मुळात या तिन्हींपैकी कशासाठीही आलेली नव्हती. छातीरोग बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षा कक्षात प्लाझ्मा व उत्प्रेरक यांवर चालणारी हवा शुद्ध करण्याची यंत्रे बसवावीत, या हेतूने ती देऊ करण्यात आली होती. देणगीचा विनियोग बदलला म्हणजे त्याचे कारण सांगणे हे संस्थेचे कर्तव्य ठरते. वार्षिक सभेत ते दोन वाक्यांत सांगता आले असते. परंतु देणगीदारांनी स्वतःच सुचविले की, जे समजून घेण्यास आपणा सर्वांना चार महिने लागले, ते इतर हितचिंतकांनाही सविस्तर कळावे. विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने हे टिपण त्यासाठी लिहीत आहे.

प्रारंभीच हे सांगितलेले बरे की, प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. रसायनशास्त्राची आणि माझी ताटातूट शालान्त परीक्षेनंतर झाली. आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या डॉक्टरांनी आणि गावातील महाविद्यालयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी या काळात माझे अज्ञान मोठ्या सौजन्याने सोसले. खाली जे बरोबर असेल त्याचे श्रेय त्यांना आहे.

देणगीदारांच्या वडिलांनी चाळीस वर्षे फाउंड्रीत ओतकाम केले. वाळूची धूळ आणि भट्टीचा धूर यांची वसुली अखेर फुप्फुसांकडून झाली. शेवटची सहा वर्षे ते आमच्याकडे नियमित येत आणि प्रतीक्षा कक्षातील पश्चिमेच्या भिंतीलगतच्या बाकावर बसत. त्याच कक्षातील हवा स्वच्छ व्हावी, ही मुलाची इच्छा होती. एका कंपनीचे माहितीपत्रकही त्यांनी सोबत आणले होते. यंत्रातील ‘शीत प्लाझ्मा’ हवेतील विषारी वायूंचे विघटन करतो आणि जे काही उरते ते उत्प्रेरक नाहीसे करतो, असे त्यात म्हटले होते.

‘नाहीसे’ हा शब्द हिशेब लिहिणाऱ्या माणसाला खटकतो. आमच्या व्यवसायात नाहीसे काही होत नसते. ते कोणत्या तरी दुसऱ्या खात्यात गेलेले असते.

तथापि देणगीदारांच्या भावनेचा मान राखून आम्ही दोन यंत्रे एका आठवड्यासाठी तपासणीस ठेवून घेतली. दिवस पावसाळ्याचे होते. यंत्राचा प्रभाव नीट दिसावा म्हणून खिडक्या बंद ठेवण्याची सूचना कंपनीच्या प्रतिनिधीने केली व आम्ही ती पाळली, ही आमची चूक. तिसऱ्या दिवशी विभागाच्या सिस्टरनी कळविले की, झेरॉक्सच्या बंद दुकानात येतो तसा तिखट वास कक्षात भरला आहे. दोन-तीन दमेकऱ्यांचा खोकला त्या सकाळी अधिक होता. त्याचा आणि यंत्राचा संबंध सिद्ध झाला असे मी म्हणणार नाही. दम्याच्या रुग्णास खोकण्यासाठी पावसाळाही पुरतो. परंतु वैद्यकीय अधीक्षकांनी यंत्रे तत्काळ बंद करविली. प्राध्यापक महोदयांनी मापक मिळवून आणला, तेव्हा बंद खिडक्यांच्या स्थितीत यंत्राजवळील हवेत ओझोनचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले आढळले. हवा शुद्ध करण्यासाठी आणलेल्या वस्तूने हवेत एक प्रदूषक सोडावा, हे कसे घडले, या प्रश्नापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

रुग्णालयात ‘प्लाझ्मा’ म्हटले की प्रथम रक्तपेढी आठवते. येथे अभिप्रेत असलेला प्लाझ्मा निराळा, पण नात्यातला आहे. विजेच्या प्रभावाने ज्याचे काही रेणू फुटून मोकळे इलेक्ट्रॉन आणि विद्युतभारित कण निर्माण झाले आहेत, अशा वायूला १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी हे नाव दिले. रक्तद्रव जसा तांबड्या व पांढऱ्या पेशी वाहून नेतो, तसा हा वायू निरनिराळे कण वाहून नेतो, हे साम्य त्यांना सुचल्याचे त्यांचे सहकारी हॅरॉल्ड मॉट-स्मिथ यांनी पुढे नमूद केले आहे. आकाशात लखलखणारी वीज हा प्लाझ्माच, सूर्य हाही प्लाझ्मा, आणि आपल्या घरातील ट्यूबलाइटच्या नळीत जळतो तोही प्लाझ्मा.

आता ट्यूबलाइटला आपण हात लावू शकतो, सूर्याला नाही. यातच ‘शीत प्लाझ्मा’चे मर्म आहे. अशा प्लाझ्मात वीज आपली जवळजवळ सर्व शक्ती हलक्याफुलक्या इलेक्ट्रॉनांना देते. त्यांच्या ऊर्जेचा हिशेब तापमानात मांडला तर तो दहा हजार अंशांच्या वर जातो. पण भोवतालचे जड रेणू खोलीच्याच तापमानाचे राहतात. दिवाळीतील फुलबाजीची ठिणगी लालबुंद असते, तरी ती हातावर पडली तर पोर रडत नाही, कारण त्या ठिणगीत वस्तुमानच नसते. इलेक्ट्रॉनाचे काहीसे तसेच आहे. मात्र तो एखाद्या रेणूवर आदळला तर त्या रेणूचे तुकडे करण्याइतके बळ त्याच्यात असते. ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणू अलग करण्यास सुमारे ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, नायट्रोजनला सुमारे ९.८. त्यामुळे हवेत अशी वीज खेळविली की नायट्रोजन बहुतांशी शाबूत राहतो आणि ऑक्सिजन फुटतो. सुटे झालेले ऑक्सिजनचे अणू अत्यंत आक्रमक असतात. दमट हवेत त्यांच्या जोडीला पाण्याच्या वाफेपासून झालेले हायड्रॉक्सिलचे कणही येतात. हीच मंडळी रंगाच्या, द्रावकाच्या किंवा औषधाच्या वाफांवर तुटून पडतात.

पण एखाद्या सुट्या ऑक्सिजनला सावज सापडले नाही तर तो शेजारच्या अखंड रेणूला जाऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन तयार होतो. ही गोष्ट नवी नाही. विजेच्या यंत्राजवळ एक विशिष्ट गंध येतो, हे हॉलंडमधील मार्टिनस फान मारुम यांनी १७८५ सालीच टिपून ठेवले होते. १८४० च्या सुमारास बाझेलच्या शोनबाइन यांनी त्या वायूला ग्रीक भाषेतील ‘वास येणे’ या क्रियापदावरून नाव दिले. आणि १८५७ साली जर्मनीच्या वेर्नर फॉन सीमेन्स यांनी काचेच्या आडून हवेत वीज खेळवून ओझोन मुद्दाम तयार करण्याचे उपकरण बनविले. आज प्रयोगशाळांत प्रदूषक नष्ट करण्यासाठी जे शीत प्लाझ्माचे नळकांडे सर्वांत अधिक वापरले जाते, ते मूलतः सीमेन्स यांचेच आहे. थोडक्यात, आमच्या कक्षात आलेली पेटी म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे ओझोन करण्याचे यंत्र, आणि त्या ओझोनाला आवर घालण्यासाठी पुढे लावलेली एक उत्प्रेरकाची जाळी. जाळीने आवर घातला नाही.

ओझोन वरच्या वातावरणात आपले रक्षण करतो, परंतु श्वासात तो फुप्फुसांचा दाह करतो. आपल्या देशाच्या २००९ सालच्या हवेच्या मानकांत आठ तासांच्या सरासरीस घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय उपकरणांतून निघणाऱ्या ओझोनावर दशलक्ष भागांत ०.०५ भाग, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, इतकीच मुभा ठेवली आहे. कॅलिफोर्निया राज्याने घरगुती वायुशोधकांनाही हाच निकष लावला आहे. आणखी एक गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. आमचा कक्ष रोज पाइन तेलाच्या फिनाइलने पुसला जातो. त्या तेलाच्या वाफांशी ओझोनाचा संयोग झाला की त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होते. म्हणजे स्वच्छतेच्या दोन साधनांनी मिळून एक तिसरी घाण निर्माण करावयाची, असा तो प्रकार.

येथे उत्प्रेरकाकडे वळले पाहिजे. प्लॅटिनमची तप्त तार कोळशाच्या वायूत व हवेत धरली तर ज्वाला नसतानाही ती लाल होत राहते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ साली दाखविले. तारेच्या पृष्ठभागावर तो वायू जळत होता, तार मात्र खर्ची पडत नव्हती. १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियस यांनी अशा पदार्थांच्या कार्याला जे नाव दिले, त्याचे मराठी रूप म्हणजे उत्प्रेरण. विवाह जमवून देणारे गृहस्थ जसे दोन्ही पक्षांना एका ओसरीवर आणून बसवितात आणि स्वतः मोकळे राहतात, तसे उत्प्रेरकाचे असते. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मोटारी आहेत, त्यांच्या गाडीखाली हे गृहस्थ रोज काम करीत आहेत. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकाची पेटी १९९५ सालच्या एप्रिलपासून आवश्यक झाली आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने उत्प्रेरकाचा पृष्ठभाग लिंपला जाऊन तो निकामी होतो. २००० सालच्या फेब्रुवारीपासून शिशाचे पेट्रोल देशभरातूनच हद्दपार झाले. उत्प्रेरकाला जपण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेने लहान मुलांच्या रक्तातील शिसेही कमी होण्यास हातभार लावला, हा लाभ बहुधा कोणी जमेस धरीत नाही.

उत्प्रेरकाची अडचण एकच: त्याला ऊब लागते. रंगाच्या वाफा जाळण्यासाठी साधारणतः अडीचशे ते चारशे अंश सेल्सिअस तापमान लागते. वाफा थोड्या आणि हवा अफाट असेल, तर त्या चिमूटभर वाफांसाठी सगळी हवा तापवावी लागते. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, ती तीनशे अंशांनी तापविण्यास अंदाजे ३६० जूल ऊर्जा लागते. बाहेर जाणाऱ्या गरम हवेची ऊब परत मिळविता येते हे खरे, पण त्यासाठी यंत्रसामग्री मोठी लागते.

प्लाझ्माला ऊब लागत नाही, पण त्याला विवेक नाही. एक उदाहरण घेऊ. रंगात व थिनरमध्ये असणाऱ्या टोल्यूइनच्या रेणूत कार्बनचे सात व हायड्रोजनचे आठ अणू असतात. तो पूर्णपणे जळाला तर ऑक्सिजनचे नऊ रेणू घेऊन कार्बन डायऑक्साइडचे सात आणि पाण्याचे चार रेणू झाले पाहिजेत. हा झाला ताळा. नुसत्या प्लाझ्मात टोल्यूइन ‘काढून टाकले’ असे मापक दाखवितो, पण कार्बन डायऑक्साइड मोजावा तर सातपैकी चार-पाचच सापडतात, कधी त्याहून कमी. उरलेला कार्बन विषारी कार्बन मोनॉक्साइड, बेंझाल्डिहाइड, फॉर्मिक आम्ल किंवा भिंतीवर बसलेला तपकिरी चिकट थर यांच्या रूपाने कोठेतरी असतो. शिवाय वीज जास्त दिली तर नायट्रोजनही फुटतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. या क्षेत्रातील संशोधक आपल्या शोधनिबंधांत ‘कार्बनचा ताळेबंद’ देतात हे वाचले, तेव्हा मला प्रथमच त्यांच्याविषयी आपुलकी वाटली.

म्हणून दोहोंची जोडी लावण्याचा विचार पुढे आला. जपानमध्ये सेनिची मासुदा, अकिरा मिझुनो आदींनी १९८० च्या दशकात, क्षणभरच टिकणाऱ्या विजेच्या स्पंदनांनी धुरातील गंधकाची व नायट्रोजनची ऑक्साइडे काढण्याचे प्रयोग केले; त्यानंतर उत्प्रेरकाची भर घालण्याचे काम जगभर सुरू झाले. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिझेल इंजिनाच्या धुरावर आणि हैदराबादच्या आयआयटीत द्रावकांच्या वाफांवर असे संशोधन झालेले आहे.

जोडीचे दोन प्रकार आहेत. एकात उत्प्रेरकाचे मणी प्लाझ्माच्या नळीतच भरतात. दुसऱ्यात प्रथम प्लाझ्मा आणि त्यानंतर उत्प्रेरकाचा थर. दुसऱ्यातील युक्ती मला फार आवडली. प्लाझ्मात तयार झालेला ओझोन मँगॅनीजच्या ऑक्साइडावरून गेला की तेथे मोडतो आणि त्याचा सुटा ऑक्सिजन उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर राहतो. प्लाझ्मातून अर्धवट तुटून आलेले तुकडेही त्याच पृष्ठभागाला चिकटलेले असतात. तो ऑक्सिजन त्यांचे ज्वलन पुरे करतो, तेही खोलीच्या किंवा थोड्या अधिक तापमानावर. जो ओझोन उपद्रव म्हणून बाहेर पडणार होता, तोच मजुरीला लागतो. जपानमधील एआयएसटी या संस्थेच्या संशोधकांनी याही पुढे जाऊन असे केले की, वीज बंद ठेवून वाफा आधी चांदी लावलेल्या झिओलाइटवर साठू द्यावयाच्या आणि साठा पुरेसा झाला की थोडा वेळ प्लाझ्मा पेटवून तो जाळून टाकावयाचा. रोज बँकेत जाण्याऐवजी आठवड्याचा भरणा एकदम करावा, तसे हे आहे.

या युक्तीचा शत्रू म्हणजे ओलावा. पाण्याची वाफ मँगॅनीज ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर बसते आणि ओझोनाला जागा उरत नाही. आमची तपासणी भर पावसाळ्यात झाली, आणि त्या यंत्रातील उत्प्रेरकाची जाळी तळहाताएवढी होती. कंपनीचे प्रमाणपत्र खोटे नव्हते. पण त्यातील चाचणी एक घनमीटरच्या बंद, कोरड्या पेटीत घेतलेली होती, आणि किती प्रदूषक गेला एवढेच त्यात लिहिले होते. त्याचे काय झाले हा रकानाच नव्हता.

आता माझ्या विषयातील थोडे. प्लाझ्माने वाफा काढण्यास किती ऊर्जा लागते हे एका लिटर हवेमागे किती जूल, असे मोजतात. प्रकाशित प्रयोगांतून हा आकडा काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत दिसतो. आपण मध्यम म्हणून १०० घेऊ. आमचा कक्ष दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, म्हणजे २४० घनमीटरचा. त्यातील हवा ताशी सहा वेळा यंत्रातून जावी असे म्हटले तर दर सेकंदास ४०० लिटर हवा झाली, आणि तिला लागणारी वीज झाली ४० किलोवॅट. बाह्यरुग्ण विभागाच्या आठ तासांत ३२० युनिटे! प्रस्तावित चार यंत्रे मिळून वीज घेणार होती १६० वॅट, म्हणजे लिटरमागे ०.४ जूल, गरजेच्या अडीचशेवा हिस्सा. माझा १०० चा आकडा दसपट चुकला असे मानले तरीही मेळ बसत नाही. त्या यंत्रांतील पंखा आणि गाळणी धूळ काही प्रमाणात पकडीत होती, हे मान्य केले पाहिजे. पण ते काम प्लाझ्माचे नव्हे, आणि साध्या गाळणीच्या यंत्रास किंमतही पुष्कळ कमी पडते.

याचा अर्थ हे शास्त्र फोल आहे असा कोणी घेऊ नये. ज्या ठिकाणी हवा मोठी, वाफा विरळ आणि वास असह्य असतो, अशा काही कारखान्यांत ते उपयोगी पडते. पोलंडमध्ये श्चेचिनजवळच्या पोमोझानी वीज केंद्रात धुरावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून आणि अमोनिया मिसळून गंधक व नायट्रोजन यांची ऑक्साइडे खताच्या रूपात बाहेर काढण्यात आली. तेथे तर कचरा खात्यातील रक्कम थेट जमेस गेली. उलट डिझेल गाड्यांसाठी प्लाझ्माचा प्रयोग बराच काळ होऊनही बाजाराने युरियाचे द्रावण व उत्प्रेरक यांचाच मार्ग पत्करला, आणि २०२० पासून बीएस-सहा मानकांच्या आपल्या बहुतेक ट्रकांत तोच आहे. यांत आणखी एका माणसाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. विजेने भारित करून धुरातील कण पकडण्याचे यंत्र १९०७ च्या सुमारास फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कॅलिफोर्नियात यशस्वी केले, आणि त्याच्या पेटंटांचे उत्पन्न स्वतः न घेता विज्ञानाच्या संशोधनास मिळावे म्हणून १९१२ साली ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ ही संस्था उभारली. धर्मादाय संस्थेच्या अहवालात त्यांना जागा असावी.

खरेदी समितीच्या ज्या बैठकीत मी हा ३२० युनिटांचा हिशेब मांडला, त्याच बैठकीत या प्रकरणाने अनपेक्षित वळण घेतले. ‘प्रदूषक तुटला, मग तो गेला कोठे, हे विचारल्याशिवाय कोणतेही यंत्र घ्यावयाचे नाही,’ असे मी काहीशा अभिमानाने म्हणालो. निर्जंतुकीकरण विभागाच्या सिस्टर कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, मग आमच्या ईटीओचं काय? तो कुठं जातो?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ईटीओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड. वाफेच्या उष्णतेत टिकत नाहीत अशा प्लास्टिकच्या नळ्या, कॅथेटर आणि नाजूक उपकरणे त्या वायूने निर्जंतुक करतात. १९९४ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. आठ तासांच्या कामात दशलक्ष भागांत एक भाग, ही अमेरिकेतील कामगारांसाठीची मर्यादा आहे. आणि त्याचा वास माणसाला येऊ लागतो तो याच्या काही शेकडापट प्रमाण झाल्यावर. ओझोन दोन-तीन दिवसांत आपल्या वासाने पकडला गेला. हा वायू आमच्या इमारतीत कित्येक वर्षे होता आणि त्याने कोणाला हाक मारली नव्हती.

आम्ही सर्वजण त्याच दुपारी गच्चीवर गेलो. यंत्राच्या निकासाचा पाइप दुसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यापाशी, जेमतेम कमरेइतक्या उंचीवर संपत होता. त्याच्यापासून काही हातांवर परिचारिका वसतिगृहातील मुलींचे कपडे वाळत होते. पाइप बसविणाऱ्याने तो ‘बाहेर’ सोडला होता आणि बिलावर तसे नमूद केले होते; बिल माझ्याच स्वाक्षरीने मंजूर झाले होते.

देणगीदारांना आम्ही बोलावून घेतले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. यंत्रे का घेऊ नयेत हे ऐकताना त्यांचा चेहरा उतरला; दुसरी गोष्ट ऐकल्यावर त्यांनी गच्ची पाहण्याची इच्छा व्यक्त केली. तेथे ते बराच वेळ उभे होते. खाली आल्यावर एवढेच म्हणाले, “आमच्या बाबांच्या फाउंड्रीतही धूर बाहेरच सोडत होते.” देणगीचे पत्र त्यांनी त्याच टेबलावर बदलून दिले.

येथे प्लाझ्माची आवश्यकता नव्हती. निकास थोडा, पण त्यात वायू दाट. अशा ठिकाणी थोडी ऊब दिलेला उत्प्रेरक एकटा पुरतो. नव्या यंत्रात निकासात प्रथम भरपूर हवा मिसळली जाते, कारण हवेत तीन टक्क्यांच्या वर हा वायू गेला तर ठिणगीने पेटतो. मग ते मिश्रण शे-दीडशे अंशांवर ठेवलेल्या उत्प्रेरकावरून जाते आणि एका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन व पाण्याचे दोन रेणू होऊन बाहेर पडते. या वेळी मी ताळा प्रथम मागितला व नंतर दरपत्रक. पाइप छताच्या वर नेला आहे, विभागात गळतीची सूचना देणारा मापक बसविला आहे, आणि उपकरणे वापरापूर्वी किती तास हवेशीर कपाटात राहिली याची नोंद स्वतंत्र वहीत होते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्मावर चालणाऱ्या निर्जंतुकीकरण यंत्राचाही विचार झाला. त्यात इथिलीन ऑक्साइडची गरजच राहत नाही. पण कापड व कागद त्यात चालत नाहीत, लांब व अरुंद नळ्यांना मर्यादा आहेत, आणि किंमत सध्या आमच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रतीक्षा कक्षासाठी जे केले ते सांगण्यास फारसे भारदस्त नाही. पश्चिमेच्या भिंतीतील रंगाने चिकटलेल्या चार खिडक्या मोकळ्या केल्या, वरची झरोके उघडली, समोरच्या बाजूस हवा बाहेर फेकणारे दोन पंखे लावले. छातीरोग विभागात धुळीहून मोठी भीती क्षयाच्या जंतूंची असते. २००७ साली पेरू देशातील लिमा येथील आठ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दारे-खिडक्या पूर्ण उघडल्यावर खोल्यांतील हवा ताशी सरासरी २८ वेळा बदलत होती, तर यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. सर्वांत उत्तम निघाल्या त्या १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती. आमची मूळ इमारत तशीच होती. खिडक्या आम्ही बंद केल्या होत्या. बाहेर वीटभट्ट्यांचा धूर दाटतो त्या हिवाळ्याच्या सकाळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात की नाही, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, आणि तो रोज सकाळी सिस्टरांच्या विवेकावर सोपविला आहे.

निर्जंतुकीकरण विभागात काम केलेल्या सर्व आजी-माजी कर्मचाऱ्यांची, तसेच वसतिगृहातील मुलींची वार्षिक तपासणी आता संस्थेच्या खर्चाने होते आणि त्याची तरतूद निराळ्या शीर्षाखाली दाखविली आहे. मागील वर्षांत कोणाच्या श्वासात काय गेले, त्याचा हिशेब मात्र मला मांडता येत नाही. त्याची वही कोणी ठेवलीच नव्हती.

उत्प्रेरक कालांतराने दमतो, म्हणून त्याच्या बदलीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूस काढण्यास लेखापरीक्षकांनी संमती दिली आहे. प्रतीक्षा कक्षातील त्या बाकावर नाव घालू नये, अशी देणगीदारांची विनंती होती; ती मान्य केली आहे. वसतिगृहातील मुलींनी कपड्यांच्या दोऱ्या पूर्वेकडील गच्चीवर हलविल्या. पाइप उंच झाल्यावर त्या पुन्हा जुन्या जागी आणण्यास हरकत नाही, असे आम्ही लेखी कळविले, परंतु अजून कोणी आणलेल्या नाहीत, आणि प्रशासनाने त्याचा आग्रहही धरलेला नाही.